उन्हाची सुट्टी

चांगुणाला आता एकच शब्द येतो. गेला.

चहा हवा असला तरी गेला, नको असला तरी गेला. उशी नीट करायची असली तरी तेच, आणि लेक मनमाडहून आली की डोळ्यांना धार लागते तेव्हाही तोंडातून तेवढंच निघतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. डोक्याकडच्या शिरेत गुठळी अडकली, बोलण्याची जागा दुखावली, अशा वेळी काहींच्या तोंडी एखादाच शब्द उरतो आणि माणूस सगळं त्याच्यावरच भागवायला बघतं. तो शब्द कुठला असावा याला काही नियम नाही, त्यात अर्थ शोधत बसू नका, असंही ते म्हणाले. लेकीने मान हलवली. शेजारच्या मंगलाबाई म्हणाल्या, बरं बाई, एक तरी उरला. पुंजाराम मात्र खिडकीबाहेर बघत राहिला. तो शब्द कुठून आला आणि कोणासाठी होता हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. पाच महिने झाले तरी त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

पुंजाराम गांगुर्डे म्हणजे कोण, ते नाशिकला द्वारकेच्या मागच्या वस्तीत कोणालाही विचारा. छत्रीवाले भाऊ म्हणतील. छत्री म्हणजे पावसातली नव्हे, टीव्हीची. गच्च्यांवर आज ज्या डिश गंजत पडल्यात, कोणी त्यात चिमण्यांना पाणी ठेवतं, कोणी त्यावर पायपुसणी वाळत घालतं, त्यातल्या निम्म्या तरी ह्या माणसाने लावल्यात. आणि एकट्याने नाही लावल्या बरं का. प्रत्येक छत्रीला वर पुंजाराम होता तर खाली चांगुणा होती.

सुरुवात काड्यांच्या अँटेनापासून झाली. तेव्हा चित्र यायचं ते जमिनीवरच्या मनोऱ्यावरून, सरळ रेषेत. मध्ये डोंगर आडवा आला की कारभार आटोपला. यांचं नवीन लग्न झालेलं, वस्तीत टीव्ही मोजून तीन, आणि रविवारी सकाळी अख्खी वस्ती त्या तीन टीव्हींपुढे. वाऱ्याने अँटेना हलला की पुंजाराम कौलांवर चढायचा आणि चांगुणा टीव्हीपुढे उभी राहून सांगायची. आलं. गेलं. आलं, आलं, गेलं. ती येवल्याकडची, कांद्याच्या वावरात या बांधावरून त्या बांधाला हाक मारत वाढलेली. तिचा आवाज असा खणखणीत की चार घरं सोडून पलीकडचा माणूसही तिच्या हाकेवर आपला अँटेना फिरवत बसायचा, आणि चित्र का येत नाही म्हणून चांगुणालाच बोल लावायचा.

एकदा काय झालं, तिने खालून आलं म्हणून सांगितलं आणि वर वाऱ्यात ते पुंजारामला ऐकूच गेलं नाही. हा आपला फिरवतोय. आलेलं चित्र गेलं ते तासाभराने परत सापडलं. चांगुणा कंबरेवर हात ठेवून अंगणात आली आणि तिने नेम घालून दिला.

"मी हाक दिली का वरून ऐकलं म्हणायचं. तुमचं ऐकलं येत नाय तोवर मी ओरडत ऱ्हाईन. घसा फुटला तरी."

आणि खरंच तशी ओरडायची. त्या दिवसापासून खालून आलं म्हटलं की वरून ऐकलं, गेलं म्हटलं की ऐकलं. सदतीस वर्षं हे चाललं. लेक अंजली लहानपणी दोन्ही आवाज काढून त्यांची नक्कल करायची.

मग आखाती लढाईच्या सुमाराला मोठ्या छत्र्या आल्या. बारा फुटी, जाळीच्या, चार जणांनी उचलायच्या. पुंजाराम तेव्हा द्वारकेजवळ रेडिओ दुरुस्त करायचा. एका केबलवाल्या शेठने त्याला धरून नेलं आणि तिथे तो ती विद्या शिकला. शिकला म्हणजे कसा, तर छत्रीखाली उताणा पडून. आकाशात कुठे काय आहे ते दिसत तर नाही, नुसतं ताडायचं. पण एकदा गवसलं आणि पडद्यावर लढाईची चित्रं दिसायला लागली, जमिनीवरचा कुठलाही मनोरा मध्ये न येता थेट वरून, तेव्हा शेठने त्याला मिठी मारली होती. वर्षभरात गच्चीवरून गच्चीवर काळ्या तारांचं जाळं झालं.

लोक हमखास विचारायचे, ती वरची वस्तू फिरत असणार, मग छत्री एका जागी घट्ट कशी बसवता? हे सांगायला पुंजारामला फार आवडायचं. चहाची बशी घ्यायचा, एक बोट मध्ये धरायचा, एक कडेला. पृथ्वी चोवीस तासांत एक गिरकी घेते. उपग्रह विषुववृत्तावर, छत्तीस हजार किलोमीटर वर, तोसुद्धा बरोब्बर चोवीस तासांत एक फेरी मारतो. तो आणि आपण एकाच चालीने चाललोय, म्हणून तो आपल्याला जागचा हलताना दिसत नाही. खालून स्टेशनने पाठवलेलं त्याने वर झेलायचं आणि सगळ्या देशावर परत खाली सोडायचं. जायला-यायला पाव सेकंद. वरून येतं ते इतकं क्षीण असतं की पसरट भांड्यात गोळा करून एका टोकावर आणावं लागतं, म्हणून ही छत्री. तिच्यापुढे दांडीवर जे डबडं बसवलेलं असतं ते त्या टोकावर. चिमूटभर हललं की संपलं. एवढं सगळं ऐकून झाल्यावर म्हातारी माणसं विचारायची, म्हणजे तो आमच्याच घरावर आहे का? चांगुणा खालून हसायची.

आणि वर्षातून दोनदा उन्हाची सुट्टी. हा शब्द त्यांचाच, तुम्हाला दुसरीकडे ऐकायला मिळायचा नाही. मार्चात आणि ऑक्टोबरच्या तोंडाला चार-आठ दिवस असे येतात की सूर्य चालता चालता नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येऊन उभा राहतो. मग छत्रीला उपग्रहाचं बारीक बोलणं ऐकू येत नाही, सूर्याचाच गोंगाट ऐकू येतो. पडद्यावर मुंग्या, नाहीतर नुसता काळोख. पाच-दहा मिनिटं. सूर्य पुढे सरकला की आपोआप चित्र परत. त्या वेळात छत्रीला हात लावायचा नाही, हा पहिला धडा. मोठ्या छत्रीवर ते डोळ्यांनी कळायचं. मधोमध वर टांगलेल्या डबड्याची सावली छत्रीच्या बरोब्बर पोटात पडली की समजायचं, सुट्टी लागली, खाली उतरा, चहा प्या. पुढे घरोघरी लहान छत्र्या आल्या. त्यांचं डबडं खालच्या बाजूला एका कडेला, सावली कुठेही पडते आणि काही कळत नाही. म्हणून चांगुणा दरवर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसांभोवती पेनाने गोल काढून ठेवायची.

आता शहरात छत्री कोणाला हवी? पोरं फोनवर बघतात, म्हातारे पोरांच्या फोनमध्ये डोकावतात. पुंजारामची एकसष्टी झाली, काम राहिलं ते फक्त पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर, जिथे फोनला रेंज नाही आणि डोंगरामुळे दुसरं काही पोचत नाही. वरून बघणाऱ्याला डोंगर आड येत नाही, पाडा काय आणि मुंबई काय, त्याला सारखंच. पुंजारामला हे फार बरं वाटायचं, का ते त्याने कधी सांगितलं नाही. त्याच्याकडे सिग्नल शोधायचं मीटरही होतं. पण मीटरचं काय, कुठल्याही उपग्रहाकडे तोंड झालं की ते पिपाणी वाजवतं. चित्र आलं का, ते माणसानेच सांगायला लागतं. म्हणून गुडघे दुखत असले तरी चांगुणा बरोबर यायची.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी असेच दोघं गेले. पेठच्या पुढे आत एक पाडा, तिथला सहादू नावाचा शेतकरी महिनाभर मागे लागला होता. सणाला टीव्ही लागला पाहिजे. कॅलेंडरवर त्या तारखेला गोल होता. एसटीत चांगुणाने आठवण करून दिली, आज सुट्टी हाय बरं का. पुंजाराम म्हणाला, माहीत आहे, साडेदहाच्या आत उरकू. एसटी घाटात रखडली. फाट्यावरून चालत पाड्यावर पोचायलाच पावणेदहा झाले. नवीन घरकुलाची भिंत इतकी कच्ची की खिळा मारावा तर पोपडे गळायचे, दांडी उभी करण्यातच पाऊण तास गेला. तरी शेवटी जमलं. चांगुणाने खालून आलं म्हणून सांगितलं, पुंजारामने ऐकलं म्हटलं, आणि सहादू इतका हरखला की चप्पल न घालता टेकडीपलीकडच्या नाचणीच्या वावराकडे पळाला, बायकोला आणि आईला बोलवायला.

राहिलं होतं ते नट शेवटचा आवळायचं. पुंजारामने पान्याला एक आटा दिला आणि त्याच क्षणी मीटरची पिपाणी बंद पडली.

"गेलं," चांगुणा खालून म्हणाली.

"ऐकलं," पुंजाराम म्हणाला.

आता इथे बसून सांगणं सोपं आहे, की बाबा रे, अकराला पाच कमी होते, सूर्य येऊन उभा राहिला होता, पाना खाली ठेवून दहा मिनिटं बसला असतास तर. पण नट आवळताना छत्री केसभर हलते, हे प्रत्येक छत्रीवाल्याला माहीत असतं. पुंजारामला वाटलं, आपल्याच हाताने गेलं. तीस-पस्तीस वर्षांची विद्या आणि शेवटच्या आट्याला माती खाल्ली. स्वतःवरच चिडला आणि तेवढ्यात सुट्टी साफ विसरला. नट सैल केला. छत्री डावीकडे घेतली. काही नाही. उजवीकडे घेतली. सूर्य दहा मिनिटांत आपल्या वाटेने गेला असणार, पण तोवर छत्रीचं तोंडच भलतीकडे झालेलं, ते कुठून सापडणार?

अशात खालून हाक आली.

"गेला."

थोड्या वेळाने परत. "अहो. गेला."

छत्तीस हजार किलोमीटरवरचं धरणाऱ्या माणसाला बारा फुटांवरचं ऐकू आलं नाही, असं कोणी म्हणेल. तसं असतं तर पुंजाराम सुखाने झोपला असता. ऐकू आलं होतं. स्पष्ट आलं होतं. चांगुणा चित्राला आयुष्यभर गेलं म्हणायची, गिऱ्हाइकं म्हणायची सिग्नल गेला. पुंजारामच्या मनात आलं, हिने कधीपासून सिग्नल म्हणायला सुरुवात केली? मनातल्या मनात थोडा हसलासुद्धा. मग राग आला. गेलाय ते दिसतंय ना, पुन्हा पुन्हा काय सांगते. आणि सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने ऐकलं म्हटलं नाही.

तिसरी हाक आली ती बारीक होती, आणि शब्द ओला झाल्यासारखा. मग आली नाही. त्याला वाटलं, रुसली. वरून फाटा दिसत होता. तिथे नाशिकला जाणारी काळीपिवळी जीप उभी होती, तिने दोनदा हॉर्न वाजवला, माणसं भरली आणि निघून गेली. हे त्याने पाहिलं.

चाळीस मिनिटांनी पिपाणी वाजली. त्याने वरून विचारलं, आलं का? उत्तर नाही. परत विचारलं. मग शिडीवरून खाली उतरला.

टीव्ही चांगला चालू होता. कोणीतरी बाई रंगीत रांगोळी काढत होती. चांगुणा समोरच्या भिंतीला टेकून बसली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डाव्या हाताने तिने उजवा हात मनगटाशी धरून ठेवला होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता आणि तिला सांभाळायला दिला होता. पुंजारामला बघून ती म्हणाली, "गेला." तेव्हा त्याला कळलं की ती सिग्नलचं सांगत नव्हती. हात गेला म्हणत होती.

पुढची धावपळ सांगण्यात अर्थ नाही. सहादू टेकडीवर चढून फोन करून आला, दवाखान्याची गाडी लांब होती. दोन वाजता टोमॅटोचा पिकअप मिळाला, त्यात क्रेटांच्या मध्ये गोधडी टाकून तिला निजवलं. सहादू सोबत आला, घाटभर तिचं डोकं मांडीवर धरून बसला, आणि म्हणत राहिला, आमच्या टीव्हीपायी झालं. नाशिकला दवाखान्यात पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, नेमकं कधी सुरू झालं? पुंजाराम म्हणाला, पावणेबारा. उतरलो तेव्हा अशी दिसली. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणाले. दोन-तीन तास आधी आणायला हवं होतं. ती काळीपिवळी एक वाजता नाशिकला पोचली असती, हा हिशोब पुंजारामने तिथे बाकावर बसून केला, आणि तो आजही करतोय.

अंजली संध्याकाळी मनमाडहून आली. तिचा नवरा तिकडे रेल्वेत आहे. तिने बापाला धरून विचारलं, पप्पा, आईने हाक नाही मारली? पुंजारामच्या तोंडून नाही असं निघून गेलं. नाही मारली, बेटा. एवढं खोटं तो बोलला. त्या वेळी त्याला वाटलं, तेवढ्यापुरतं बोललो, उद्या सांगू.

उद्या कसला येतो. अंजली दर रविवारी सकाळच्या गाडीने यायला लागली. आल्या आल्या कोमट तेल घेऊन आईचा उजवा हात चोळायला बसायची. आई म्हण, पाणी म्हण, अंजू म्हण, असं लहान पोराला शिकवावं तसं शिकवायची. आणि दर रविवारी, कधी हसत, कधी रडत, एक गोष्ट विचारल्याशिवाय राहायची नाही.

"आई, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा आवाज तुझा. त्या दिवशी एक हाक मारली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

चांगुणा तिच्याकडे बघायची. मग मान वळवून पुंजारामकडे बघायची. आणि म्हणायची, "गेला."

"गेला ना हात," अंजली म्हणायची, "पण तेव्हा का नाही बोललीस?"

पुंजाराम उठून गॅलरीत जायचा. तिथे उभा राहून त्याला सगळं ऐकू यायचं. आपण केलेली चूक एकवेळ पोटात घालता येते. पण जिने तीन हाका मारल्या तिलाच पोटची पोर हाक का मारली नाहीस म्हणून विचारतेय, आणि तिच्याकडे उत्तराला तेवढीच एक हाक शिल्लक आहे, हे बघत उभं राहायचं म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. तो रोज ठरवायचा. रविवारी सांगायचंच. रविवार आला की अंजलीचा चेहरा बघायचा आणि वाटायचं, बायको गेल्यासारखीच आहे, आता लेकही जाईल. लाज होती, भीती होती. रविवार निघून जायचा.

मार्चातला रविवार. अकरा वाजून गेले होते. चांगुणाला खाटेवर तक्क्याला टेकून बसवलं होतं, समोर टीव्हीवर कसलंतरी गाण्याचं चाललं होतं. अंजली हात चोळत होती. चित्र एकदम थरथरलं, चौकोन चौकोन झालं आणि पडदा काळा झाला.

अंजली म्हणाली, पप्पा, गेलं बघा, वर जाऊन बघता का जरा.

"हात नाही लावायचा," पुंजाराम म्हणाला. "उन्हाची सुट्टी आहे. दहा मिनिटांत आपोआप येईल."

अंजलीला हसू आलं. किती वर्षांनी तो शब्द ऐकला, म्हणाली. लहानपणी तिला वाटायचं, खरंच सूर्य सुट्टी घेतो. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तिने पाहिलं, या वर्षी कोणी गोल काढले नव्हते. हसता हसता तिचे हात थांबले. वर्षातून दोनदा ना, ती म्हणाली. मार्चात आणि दसऱ्याच्या आसपास. मग त्या दिवशीही सुट्टीच असेल. आई तर कधी विसरायची नाही. सुट्टीत तुम्ही वर काय करत होता, पप्पा?

आता पुंजारामला गॅलरीत जाता आलं असतं. गेला नाही. काळ्या पडद्याकडे बघत त्याने सगळं सांगितलं. नट आवळला ते, चित्र गेलं ते, पहिल्या हाकेला ऐकलं म्हटलं ते. मग म्हणाला, "त्यानंतर तिने तीन हाका मारल्या, अंजू. मला ऐकू आल्या. गेला म्हणत होती. मला वाटलं सिग्नल. मी ओ दिली नाही." काळीपिवळीचंही सांगितलं. ती निघून जाताना आपण वरून पाहिली, हेसुद्धा ठेवलं नाही.

अंजलीने तेलाचे हात पदराला पुसले, हळूहळू, एकेक बोट पुसावं तसे. मग आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आई, तू हाक मारली होतीस." एवढंच म्हणाली, आणि मग तिला जे रडू फुटलं ते आवरेना. चांगुणाचा डावा हात तिच्या केसांवर फिरत होता. पुंजारामकडे अंजलीने वळून पाहिलं नाही.

पुंजाराम खाटेजवळ आला. गुडघे वाकवून खाली बसला, तिच्या तोंडासमोर तोंड येईल असा. चांगुणाने त्याच्याकडे पाहिलं.

"गेला," ती म्हणाली.

"ऐकलं," पुंजाराम म्हणाला. मग परत म्हणाला. "ऐकलं, चांगुणा. तेव्हाच ऐकलं होतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटले आणि मान तक्क्याला टेकवली, लांब चालून आलेलं माणूस टेकवतं तशी. टीव्हीवर चित्र आपोआप परत आलं, गाणं मधूनच सुरू झालं. कोणी आलं म्हटलं नाही. पुंजारामने उठून टीव्ही बंद केला.

दुपारी अंजली निघाली. एरवी दारातून येते पप्पा म्हणायची. त्या दिवशी आईच्या पाया पडली, येते आई म्हणाली आणि जिना उतरून गेली. पुंजाराम गॅलरीतून बघत होता. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी त्याने चहा केला. हवा का, विचारलं. चांगुणाने मान हलवली. बोलली नाही. दुपारी उशी सरकली तेव्हाही बोलली नाही, हाताने दाखवलं. त्याला वाटलं, दमली असेल. मंगळवार गेला, बुधवार गेला. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, चेहरा उलट हाक पोचून निवल्यासारखा होता, पण ओठ मिटलेले ते मिटलेले. पुंजाराम तिच्यासमोर बसून एकेक वस्तू दाखवायचा, पाणी, पोळी, अंजलीचा फोटो. ती बघायची आणि गप्प राहायची. गुरुवारी तर, निदान गेलं तरी म्हणेल म्हणून, त्याने टीव्ही लावून मागची वायर उपटली. पडदा काळा झाला. खोलीत नुसता पंख्याचा आवाज.

गुरुवारीच संध्याकाळी मंगलाबाई भाजी देऊन गेल्या. जाताना त्यांनी पुंजारामला दारापाशी बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की भाऊ, चार दिवस बघतेय, वहिनी काहीच बोलत नाहीत. तो एक शब्द होता, तोही गेला.

पुंजाराम म्हणाला, "ऐकलं," आणि दार लावून घेतलं.